एकतिसाव्या पानावरची ओळ

भावोजींचे कान उत्तम आहेत असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं. पहिल्याने कानात उजेड पाडून बघितलं, दुसऱ्याने काचेच्या खोलीत बसवून बारीकसारीक आवाज ऐकवले, आणि दोघांनीही सांगितलं की पासष्टीला असे कान नशीबवानालाच राहतात. दुसरा कोणी असता तर शीळ घालत घरी आला असता. आमचे भावोजी तोंड पाडून आले. कान धड आहेत, म्हणजे बिघाड आणखी आत आहे, असा त्यांनी त्यातून अर्थ काढला.

बिघाड कुठे होता ते मला माहीत होतं. मी समोरच वाटाणे सोलत बसले होते. एक शब्द बोलले नाही.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचा लिफ्टच्या कंट्रोलचे डबे बनवायचा कारखाना आहे. वरच्या मजल्यावर एका बाजूला मी, माझा लेक आणि सून, दुसऱ्या बाजूला दीर-जाऊ, आणि खाली चार खोल्यांत काम चालतं. सुरुवात यांनी केली, माझ्या नवऱ्याने, जळक्या मोटरी पुन्हा गुंडाळून देण्यापासून. तांब्याची तार मी त्यांच्या बरोबरीने गुंडाळली आहे. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातही अर्धी चौथी गालगुंडात गेली. पण हे गेल्यावर कारखाना चालला तो माझ्या जिभेवर आणि भावोजींच्या डोक्यावर, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. कामगार मला मोठ्या बाई म्हणतात. भावोजींना मास्तर म्हणतात. ते कधी कुठे शिकवायला नव्हते, पण त्यांच्या चहाच्या कपाखालीसुद्धा तारीख घातलेली चिठ्ठी सापडायची, म्हणून मास्तर.

लिफ्टच्या डब्यात तळहाताएवढं कार्ड असतं आणि त्या कार्डात प्रोग्रॅम. मोटरने कधी फिरायचं, ब्रेकने कधी धरायचं, दाराने कधी उघडायचं, सगळं तो ठरवतो. त्याचा जो गाभा, ज्याला विचारल्यावाचून बाकीचे पाऊल उचलत नाहीत, त्याला कर्नल म्हणतात. आमचा कर्नल भावोजींनी वीस वर्षांपूर्वी एकट्याने लिहिला. ते लिहितात ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत. कार्डाला ती कळत नाही. कार्डाला कळेल असं करून देणारा वेगळा प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. एवढं मला त्यांनी एकदा पोळपाटाशी उभं राहून समजावलं आणि मला समजलं.

आमचा जुना कंपायलर सांगकाम्या होता. जेवढं लिहाल तेवढं, लिहाल तसं करायचा. पण त्याची कंपनी बुडाली, आणि नव्या कार्डांशी त्याची ओळखच नव्हती. मग नवा आणावा लागला. हा नवा हुशार. एखादी गोष्ट उगाच लिहिली आहे असं त्याला वाटलं की तो ती परस्पर काढून टाकतो, आणि वर वेळ वाचवला म्हणून मिरवतो.

"म्हणजे आपल्या सूनबाईसारखा," मी म्हटलं होतं.

"वहिनी, सूनबाई निदान विचारून काढते," भावोजी म्हणाले.

जुनी कार्डं शेकडो इमारतींत बसलेली, त्यांची दुरुस्ती येत राहणार. म्हणून एकच कर्नल दोन्ही कंपायलरांतून गेला पाहिजे आणि दोन्हीकडून बाहेर पडल्यावर सारखाच वागला पाहिजे, असा भावोजींचा नियम. दोघांच्या खोडी निरनिराळ्या. त्या सगळ्या त्यांनी एका फाईलमध्ये गोळा करून ठेवल्या होत्या. तिला आम्ही फरकांची फाईल म्हणायचो. नव्याची खोड सांभाळायला कोणी दुसऱ्या कुठल्या फाईलमध्ये ठिगळ लावलं, की मास्तर ते उसवून काढायचे. "उद्या तिसरा कंपायलर आला तर मी कुठे कुठे ठिगळं शोधत फिरू?" असं म्हणायचे.

आणि एवढं करूनही त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून वाचन.

दोन्ही कंपायलरांनी जे बाहेर काढलं त्यातल्या फक्त बाहेरच्या जगाला हात लावणाऱ्या ओळी ते वेगळ्या छापून घ्यायचे. ब्रेक, मोटर, दार, बटणं. प्रत्येकाचा एक पत्ता, आणि त्या पत्त्यावरून काही घ्यायचं की तिथे काही ठेवायचं, एवढंच. जुन्याची यादी माझ्या हातात, नव्याची त्यांच्या. मी मोठ्याने वाचायचं, "चार-शून्य-एक-दोन, घे. चार-शून्य-ए-सहा, ठेव." त्यांनी ऐकून आपल्या कागदावर पेन्सिलीने खूण करायची. पत्त्यांत आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरं, बस. माझी इंग्रजी एफपर्यंत. त्यापुढे कधी गरज पडली नाही.

हे आम्ही वीस वर्षं केलं; नवा येण्याआधी जुन्याच्याच बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या याद्या जुळवायचो. कर्नलमध्ये काही बदललं की दुपारी जेवणं आटोपल्यावर दोन ते चार, खालच्या मधल्या खोलीत, मोठ्या टेबलाच्या दोन टोकांना. मला ते आवडायचं, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. हे गेल्यापासून माझ्याकडून कोणाला काही हवं असायचं ते स्वयंपाकघरातलं नाहीतर सहीपुरतं. इथे मात्र एक हुशार माणूस मान खाली घालून माझा शब्द न् शब्द ऐकत बसायचा.

सूनबाई प्रोग्रॅम लिहिणारीच आहे. तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलते. लग्न होऊन आली आणि पहिल्याच महिन्यात तिने भुवया वर करून विचारलं, "काका, दोन याद्या जुळवायला कॉम्प्युटर आहे की. चुटकीसरशी होईल."

"होईल," भावोजी म्हणाले. "पण नवा कंपायलर ओळी पुढेमागे करतो, एका लूपच्या, फिरून फिरून करायच्या, चार ओळींच्या सोळा करतो. कॉम्प्युटर हजार ठिकाणी बोंब मारेल. त्यातल्या नऊशे नव्व्याण्णव ठिकाणी काही झालेलं नसेल. मग तू कंटाळून हजारावीकडेही बघणार नाहीस. मला ऐकताना चाल कळते."

माझा लेक पोटात होता तेव्हापासून घाईचा. आठव्या महिन्यातच आला. त्याने एका इस्पितळाच्या नव्या इमारतीच्या चार लिफ्टचं काम घेतलं, नव्या कार्डावर, नव्या कंपायलरवर, आमचं पहिलंच, आणि उद्घाटनाची तारीख त्यांनी सांगितली ती मान डोलावून मान्य केली. भावोजींनी दोन महिने मागितले होते. मिळाले साडेतीन आठवडे. आम्ही रोज वाचायला बसलो.

वाचन निम्म्यावर आलं होतं तेव्हा सुनेचे आईवडील जेवायला आले. विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी आवाजातून निवृत्त झाल्या नव्हत्या. माझ्याशी बोलताना त्या शब्द सुटे सुटे करून बोलायच्या, बहिऱ्याशी बोलावं तसं. जेवताना व्याह्यांनी कारखान्याची चौकशी केली, लेकाने इस्पितळाचं सांगितलं आणि मग वाचनाचं.

विहीणबाईंनी घास थांबवला. "पण यांना त्यातलं काही समजतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडत होते तोवर भावोजीच बोलले. "समजत नाही, हीच तर गंमत आहे. समजणारा माणूस डोकं चालवतो आणि ओळ गाळतो. वहिनी पोपटासारख्या वाचतात. समोर आहे ते, आहे तसं. असा माणूस लाखात मिळत नाही."

सगळे हसले. जाऊसुद्धा हसली. सुनेच्या भुवया हसल्या.

"असंही एक काम असतं म्हणायचं!" विहीणबाई म्हणाल्या, आणि थांबलेला घास तोंडात घातला.

आज मला कळतं की भावोजींनी मला त्यांच्याजवळचं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र दिलं होतं. विहीणबाईंच्या समोर, भर पंगतीत. पण मला त्या वाक्यातला पोपट तेवढा ऐकू आला. त्या घरात मी अठ्ठावीस वर्षं किल्ल्या सांभाळल्या, नवरा गेल्यावर बारा कामगारांची घरं चालती ठेवली, आणि पाहुण्यांपुढे मी पोपट. हसून वाढत राहिले. आमटीत डाव असा आपटला की जावेच्या कपड्यांवर उडाली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी टेबलाशी बसले ती ठरवूनच. आपण नुसतं वाचायचं नाही. आपल्यालाही डोकं आहे.

एकतिसावं पान. ब्रेकचं होतं, पण तसं त्यावर कुठे लिहिलेलं नसतं. मी वाचत होते. "चार-शून्य-एक-दोन, घे." आणि खालच्या ओळीत पुन्हा तेच. चार-शून्य-एक-दोन, घे. अक्षराला अक्षर तेच. अशा जोडओळी आधीही यायच्या, आणि मी निमूट दोन्ही वाचायचे. त्या दिवशी मी थांबले. मनात म्हटलं, एकदा घेतलं ना? मग पुन्हा तेच काय घ्यायचं? छापताना दोनदा उमटलंय. हे तर लहान पोराला कळेल. पोपट असता तर त्याने वाचलं असतं. मी पोपट नाही.

मी दुसरी ओळ सोडली आणि तिसरी वाचली.

भावोजींची पेन्सिल खूण करून पुढे सरकली. अडखळली नाही. कशी अडखळेल? नव्या कंपायलरनेही तेच केलं होतं. त्यांच्या हातातल्या कागदावरून त्याने ती ओळ काढली होती, आणि माझ्या हातातल्या कागदावरून मी. दोघेही हुशार.

मनातल्या मनात मी खूश होते. पान संपल्यावर सांगणार होते, "बघा, छापायची चूक पकडली." पण तेवढ्यात चहा आला, भावोजी म्हणाले, "वहिनी, आज काय झपाट्याने चाललंय," आणि मी म्हटलं, "मग!" सांगायचं राहून गेलं.

उद्घाटन झालं, लिफ्ट चालू झाल्या. सहाव्या आठवड्यात इस्पितळातून फोन आला.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, आणि एक परिचारिका चाकाची खुर्ची बाहेर ढकलत असताना लिफ्ट हातभर खाली घसरली. मग ब्रेकने धरलं. खुर्ची आणि खुर्चीतला म्हातारा बाहेर पडले होते. परिचारिकेचं पाऊल मध्ये होतं. घोटा दोन ठिकाणी मोडला.

भावोजी फिटरला घेऊन गेले ते तिसऱ्या प्रहरी परत आले. आल्या आल्या त्यांनी कपाटातून वाचनाचे दोन्ही गठ्ठे काढले आणि मधल्या टेबलावर पसरले. लेक, सून, फिटर आणि मी भोवती उभे राहिलो.

"इथे," ते म्हणाले. "जुन्यात दोनदा घे आहे. नव्यात एकदाच."

"एकच पत्ता दोनदा?" सुनेने विचारलं. "कशाला?"

"ब्रेकने धरलं की नाही याचं उत्तर ज्या कप्प्यात येतं, त्यात मागच्या वेळचं उत्तर पडून असतं. शिळं. पहिल्यांदा घेतलं की शिळं बाहेर येतं, दुसऱ्यांदा घेतलं की ताजं. नव्या कंपायलरला वाटलं, एकच गोष्ट दोनदा कशाला विचारायची. त्याने एक काढून टाकली. मग मागच्या मजल्यावरचं उत्तर ऐकून मोटरने भार सोडला, ब्रेकने धरायच्या आधीच. एरवी ब्रेक वेळेत धरायचा म्हणून कळलं नाही. आज त्याने अर्धा क्षण जास्त घेतला." त्यांनी चष्मा काढला. "या ओळीला हात लावू नकोस, असं कंपायलरला बजावणारा एक शब्द असतो. तो मी सगळीकडे घालत आलो. ही जागा राहिली. अशी एखादी राहतेच, म्हणून तर वाचायचं."

"पण काका, इथे तुमची खूण आहे," लेक म्हणाला.

खूण होती. ठसठशीत, पेन्सिलीची.

भावोजी माझ्याकडे वळले. आवाजात संशय नव्हता. वेळ विचारावी तसं विचारलं. "वहिनी, तुम्ही दोन्ही ओळी वाचल्या होत्यात ना?"

ते पान माझ्यासमोर होतं. एकतीस. चहाचा कप कुठे ठेवला होता तेही मला आठवत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सुनेच्या भुवया वर गेल्या होत्या.

"म्हणजे काय?" मी म्हटलं. "मी काय ओळी खाते? वीस वर्षांत एक तरी गाळली का?"

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही नाही गाळणार."

आणि त्यांनी बोट आपल्या कानावर टेकवलं.

"काका, अहो एवढी मोठी चूक!" लेकाचा आवाज चढला. फिटर उभा आहे याचंही त्याला भान राहिलं नाही. "ऐकताना लक्ष नव्हतं तर तसं सांगायचं. दुसऱ्या कोणाला बसवलं असतं. एका बाईचा पाय गेला!"

"मोडलाय, गेला नाही," मी म्हटलं. मला वाटलं मी भावोजींची बाजू घेतली.

त्याच आठवड्यात दुरुस्ती करून कार्डं बदलली. इस्पितळाला लेकाने पत्र लिहिलं, की आमचे मुख्य तंत्रज्ञ वयस्क आहेत, तपासणीत त्यांच्याकडून अनवधान झालं, यापुढे ते हे काम पाहणार नाहीत. पत्र भावोजींनीच वाचून शुद्ध केलं. अनवधान शब्द त्यांचा.

मग कानाचे डॉक्टर झाले, आणि दोघांनी कान उत्तम ठरवले. त्यानंतर भावोजी कर्नलला हात लावेनासे झाले. खाली यायचे, पण स्क्रू मोजायचे, खोकी बांधून द्यायचे. स्कूटर चालवणं सोडलं. बाहेर पडताना कुलूप लावलं की जावेला ओढून बघायला सांगायचे. दुकानातून चार वस्तू आणायच्या तर दुकानदाराकडून परत म्हणवून घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "भावोजी, उद्या अकराला बँकेत जायचंय," तर ते म्हणाले, "वहिनी, लिहून द्या. ऐकलेल्यावर माझा आता भरवसा नाही." मी लिहून दिलं. माझं अक्षर कोंबडीचे पाय आहे, पण दिलं.

रोज सांगायचं ठरवत होते. खोटं नाही बोलत. सकाळी जिन्यात भेटायचे तेव्हा तोंडाशी यायचं, आणि मग कोणीतरी मोठ्या बाई म्हणून हाक मारायचं, आणि माझं मोठेपण आडवं यायचं. पुढे पुढे मी स्वतःला समजावू लागले, की झालं ते झालं, आता सांगून त्या बाईचा घोटा जुळणार आहे का? घोटा केव्हाच जुळला होता. प्रश्न घोट्याचा नव्हता, ते मला कळत होतं. एक चांगला चालता माणूस स्वतःकडेच संशयाने बघत होता, आणि त्याला बरं करायचं औषध माझ्या तोंडात होतं.

असं दीड वर्ष.

मग नव्या कंपायलरचीही नवी आवृत्ती आली, आधीपेक्षा हुशार, आणि तिच्यातून काढलेला कर्नल कार्डावर उभाच राहीना. सूनबाई तीन आठवडे खपली. डोळ्यांखाली काळं आलं. एक दिवस माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आई, काकांना सांगा ना. फरकांच्या फाईलमध्ये काय का ठेवलंय ते त्यांनाच माहीत. मी विचारायला गेले तर म्हणतात, मी सांगेन आणि चुकीचं सांगेन. तुमचं ऐकतील. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

तिच्या भुवया खाली होत्या. पहिल्यांदाच.

शेवटच्या वाक्यानंतर मला बसवेना. मी तशीच उठले आणि पलीकडे दिरांच्या खोल्यांत गेले. भावोजी खिडकीशी बसून कसल्याशा यादीवर टिकमार्क करत होते. जाऊ कपडे घडी करत होती.

"भावोजी, ती ओळ मी वाचली नव्हती," मी दारातूनच म्हटलं. आत जाऊन बसले असते तर राहून गेलं असतं.

"कुठली ओळ?"

"एकतिसाव्या पानावरची. दोनदा होती. मला वाटलं छापायची चूक आहे. मी गाळली. तुमच्या कानांना काही झालेलं नाही, डोक्यालाही नाही. मी वाचलंच नव्हतं तर तुम्ही ऐकणार काय?"

भावोजींनी पेन्सिल यादीवर ठेवली. "मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"हो."

ते उठले आणि बाहेर गेले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, खाली कपाट उघडल्याचा आवाज आला. जावेच्या हातात अर्धी घडी घातलेली चादर होती. ती तिने पलंगावर टाकली.

जाऊ तीस वर्षं मला ताई म्हणत आली. कधी मान वर करून बोलली नाही. मी तिला गरीब गाय समजायचे आणि तसं वागवायचे.

"ताई, हा माणूस दीड वर्षं मला विचारतोय, मी आत्ता काय बोललो ते सांग," ती म्हणाली. "जेवून उठल्यावर विचारतो, मी जेवलो का. शाळेत असताना पाठ केलेली कविता रोज सकाळी म्हणून बघतो, विसरत चाललोय का ते कळायला. आणि तुम्ही समोर बसून भाज्या निवडत होता."

"अगं, मला सांगायचं होतं..."

"तुम्हाला! तुम्ही खोकला आला तरी बारा माणसांना सांगता. हेच तेवढं सांगायला जमलं नाही?"

मला उत्तर देता आलं असतं. उत्तरं माझ्याकडे नेहमी असतात. पण ती रडत नव्हती, आणि त्यामुळे मला धीर होईना.

भावोजी दोन्ही कागद घेऊन वर आले. खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "तो शब्द मी वीस वर्षांपूर्वीच लिहायला हवा होता. जुना कंपायलर सांभाळून घेत होता म्हणून आळस केला. तेवढी चूक माझी. ओळ गाळलीत, तेही मी समजू शकतो. मी तुम्हाला पोपट म्हटलं होतं ना, आदल्या दिवशी? मला नंतर वाटलं होतं, म्हणायला नको होतं." त्यांनी चष्मा पुसला. "पण वहिनी, मी विचारलं तेव्हा..."

त्यांनी कागदांची घडी घातली.

संध्याकाळी मी लेकाला बसवून सगळं सांगितलं, आणि इस्पितळाला दुसरं पत्र लिहायला सांगितलं. "आई, आता कशाला उकरून काढायचं?" तो म्हणाला. मी त्याला काय ऐकवलं ते इथे नको. पत्र गेलं. कामगारांना मीच खाली जाऊन सांगितलं. फिटर मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, "मोठ्या बाई, मास्तरांना आम्ही मध्यंतरी बरंच हसलो हो."

सोमवारी भावोजी मधल्या खोलीत येऊन बसले. त्याच आठवड्यात कर्नल उभा राहिला. भावोजी खुर्चीत असे बसले होते की मागून बघितलं तर वाटावं मध्ये काही झालंच नाही. वाचनाच्या पहिल्या दुपारी दोन वाजता मी जेवणं आटोपून खाली गेले. माझ्या खुर्चीत सूनबाई होती, तिच्या हातात यादी.

"वहिनी, तुम्ही नको," भावोजी म्हणाले. अगदी साध्या आवाजात, आदरानेच. "सूनबाई वाचेल."

"ती डोकं चालवेल," मी म्हटलं.

"चालवू दे. चुकली तर सांगेल."

मी वर आले.

परिचारिकेकडे जायचं राहिलं होतं. पत्र लिहिणं म्हणजे जाणं नव्हे, एवढं मला कळतं. मी इस्पितळात गेले. तिला आता उभ्याचं काम झेपत नाही म्हणून नोंदणीच्या खिडकीत बसवलं होतं. पस्तिशीची असेल, गोल चेहऱ्याची. मी बाकावर बसून गर्दी ओसरायची वाट पाहिली, मग खिडकीशी गेले आणि कोण ते सांगितलं.

"मास्तरांच्या घरच्या का?" तिचा चेहरा उजळला. "बसा ना. बरे आहेत ना ते? या महिन्यात आले नाहीत."

"ते इथे येतात?"

"दर महिन्याला. पहिल्यांदा आले तेव्हा मला प्लास्टर होतं. माफी मागायला आले होते. मी म्हटलं, अहो काका, झालं आता. तर पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. इथे बाकावर बसतात, तुम्ही बसलात तिथेच. चाललं का नीट, दुखतं का, विचारतात. म्हणतात, बाई, मी नीट ऐकलं नाही हो. दरवेळी तेच." ती हसली. "मी त्यांना म्हणते, तुम्ही ऐकता तेवढं इथे कोणी ऐकत नाही. माझ्या सासूपासून मुलीच्या परीक्षेपर्यंत सगळं त्यांना माहिती आहे."

घरात कोणालाच माहीत नव्हतं. स्कूटर सोडलेला माणूस दोन बस बदलून इथे यायचा.

मी तिला सांगितलं. ओळ, पान, चहा, मी काय म्हटलं ते. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. खिडकीपलीकडे तिचे हात कागदांवर स्थिर होते.

"त्यांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"म्हणून आले नाहीत या महिन्यात." तिने समोरचे कागद सरळ केले. "आता यायचं काही कारणच नाही त्यांना."

"मी येत जाईन," मी म्हटलं. "दर महिन्याला. यायला हवं ते मीच."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला तोंड देता आलं असतं.

"तुम्ही येऊन काय करणार?" तिने विचारलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा कागद हातात घेतला.